तळहातावरचं कुसळ

झुंबरबाईची जीभ गावात नावाजलेली होती. बोलण्यासाठी नव्हे, बोलायला ती तुटकच. पण पारोळ्याच्या पुढं, बोरी नदीकाठच्या त्या गावात कोणाच्या डोळ्यात कुसळ गेलं, कपाशीची वाळकी पत्ती गेली, की माणूस एका हातानं डोळा दाबून सरळ तिच्या ओट्याकडं चालू लागे. झुंबरबाई हातातलं काम खाली ठेवी, मिठाच्या पाण्यानं तीनदा चूळ भरी, माणसाला उजेडाकडं तोंड करून बसवी, आणि दोन अंगठ्यांनी पापण्या फाकून जिभेचं टोक डोळ्यातून असं फिरवी, की माणसानं "आई गं" म्हणायच्या आत काम झालेलं असे. मग ती तळहातावर थुंके आणि हात पुढं करी.

"देख. हाई व्हतं."

माणूस दुसऱ्या डोळ्यानं ते कुसळ बघे, आणि बघितल्याबरोबर त्याचं निम्मं दुखणं तिथंच सरे.

याचा पैसा घ्यायचा नाही, हा नेम. विद्या देताना सासूनं बजावलेलं, पैसा घेतला की गुण जातो. फाट्यावरचा वेल्डिंगवाला हिलाल तर महिन्यातून एकदा यायचाच.

"तुनाकडे तो काया चष्मा शे ना रे?" झुंबरबाई विचारी.

"शे ना काकू. दुकानमा टांगेल शे."

"मंग उद्यापासून डोया दुकानमा टांग आनि चष्मा घाली ये."

नवरा वना खाटेवरून हसे. त्याचा मोतीबिंदू मागच्या हिवाळ्यात धुळ्याला काढला होता. "आख्खं गाव इना जिभखाले जाई उनं," तो म्हणे, "मना डोयाले मात्र धुळाना डॉक्टर लागना."

"तुमना मोतीबिंदू मी चाटीसन काढू का?"

सासूनं आणखी एक गोष्ट शिकवली होती. ती मात्र झुंबरबाईनं चाळीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती, वनालासुद्धा नाही. पुष्कळदा डोळ्यात काही सापडतच नाही. कुसळ आसवांबरोबर केव्हाच वाहून गेलेलं असतं, मागं नुसती सल उरते. अशा वेळी रिकामा हात दाखवला तर माणूस उठत नाही. डोळा चोळत बसतो, चोळून चोळून लाल करतो आणि वर गावभर सांगतो की झुंबरबाईला आता जमत नाही. म्हणून पदराच्या गाठीत चार कुसळं बांधून ठेवायची आणि चूळ भरताना एक हळूच दाढेशी धरायचं. खरं सापडलं तर ते थुंकायचं, नाही सापडलं तर दाढेतलं. माणसाचं समाधान होतं, डोळा रात्रीतून आपोआप निवतो. सासूनं हे फसवणूक म्हणून नाही, औषध म्हणून शिकवलं होतं, आणि झुंबरबाईनंही ते तसंच घेतलं होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी बाजरी काढली. मळणी यंत्र आणलं. सून दिपमाला डोक्याला रुमाल बांधून कणसं पुढं सरकवत होती. दिपमाला धुळ्याची, देवपूरची. बारावी झालेली, शिवणाचा क्लास केलेली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिच्या हातच्या ब्लाउजासाठी तीन गावच्या बाया येत. मुलगा भूषण दीपनगरला वीज केंद्रात ठेकेदाराकडं कामाला, पंधरा दिवसांनी रविवारी यायचा. घरात तिघं: म्हातारा, म्हातारी आणि मशीनवर बसलेली सून.

दुपारी दिपमाला यंत्रापासून डोळा दाबून बाजूला झाली.

"आत्या, डोयामा काय तरी गयं."

"चोयू नको. बठ."

दिपमाला बसली. आजवर ती सासूच्या या विद्येपासून जरा लांबच असायची; शहरातली पोर, तिला कसंतरी वाटायचं. पण शेतात दहा बाया बघत होत्या. सासूला नाही कसं म्हणणार?

झुंबरबाईनं नेहमीसारखी चूळ भरली, पापणी फाकली. जीभ फिरवली. काही लागलं नाही. परत फिरवली, वरच्या पापणीच्या आतून, कोपऱ्यातून. काही नाही. बाया टक लावून बघत होत्या. झुंबरबाईनं दाढेतलं कुसळ तळहातावर थुंकलं.

"हाई देख. निंघी गयं."

"आजून टोचस, आत्या."

"काटा निंघना तरी जागा ठनकस. घर जाय, झोप जराखी."

दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला. दिपमाला उजेडाकडं बघेना. "आत्या, आतमा शेच काही तरी," ती म्हणाली.

"तुले हातवर दखाडं ना बाई? मंग आजून कोठून येई?"

हे वाक्य झुंबरबाईच्या तोंडून इतक्या सहज निघालं, की निघताना तिचं तिलाही खरं वाटलं. पुढं कितीतरी दिवस, भाकरी थापताना, ढोरांना चारा टाकताना, तेच वाक्य तिला ऐकू येत राहिलं.

भिंतीतल्या गोखल्यात वनाच्या मोतीबिंदूच्या वेळची एक बाटली होती, निम्मी भरलेली. महागाचं औषध, टाकवलं नव्हतं. डॉक्टरनं तेव्हा सांगितलंच होतं, यानं लाली उतरते. झुंबरबाईनं दिपमालाला खाटेवर आडवं केलं आणि दोन थेंब सोडले. खरंच लाली उतरली. दोन दिवस पोर जरा बरी होती. झुंबरबाईला वाटलं, झालं. शेजारणीला तिनं सांगूनही टाकलं, "दवाखानामा जाती ते हजार-दोन हजार गया असता."

रविवारी भूषण आला. चहाचा कप तसाच ठेवून त्यानं बायकोची हनुवटी उजेडाकडं वळवली.

"बुबुळवर हाई पांढरं काय शे?"

तांदळाच्या कणीएवढा ठिपका होता. झुंबरबाईला तो आदल्या दिवशीच दिसला होता. ती म्हणाली, "ते जाई उतरी."

भूषणनं ऐकलं नाही. सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं तिघं धुळ्याला गेली. डॉक्टरांनी यंत्राला हनुवटी टेकवून डोळा पाहिला, बुबुळावरचं थोडं खरवडून काचपट्टीवर घेतलं आणि बाहेर बसायला सांगितलं. तासाभरानं आत बोलावलं.

"बुरशी आहे," डॉक्टर म्हणाले. "शेतातल्या काडीकचऱ्यातून येते. डोळ्यात गेलेलं निघालं का?"

"हो," दिपमाला म्हणाली. "आत्यांनी काढलं. मी पाहिलं ना हातावर."

"आणि त्यानंतर काय घातलं? दूध, मध, तेल, कसले थेंब?"

दिपमालानं एका डोळ्यानं सासूकडं बघितलं. झुंबरबाईला वाटलं, आता हा डॉक्टर चारचौघांत ओरडणार. भूषण शेजारी उभा होता.

"थंडं पानी मारं," ती म्हणाली. "दुसरं काही नही."

सासू बोलल्यावर सुनेनं काय बोलायचं? डॉक्टरांनी लिहून घेतलं: पाणी.

त्यांनी तीन औषधं दिली. एक दर तासाला घालायचं, रात्रीसुद्धा. भूषणला कामावर जावं लागलं. झुंबरबाईनं मात्र थेंब घालण्यात कसर केली नाही. मोबाइलला गजर लावून घेतला, गजर वाजला की उठायची. पण ही नवी औषधं झोंबायची आणि लाली होती तिथंच. वनाच्या बाटलीनं कशी झटकन उतरली होती! म्हणून रोज पहाटे पहिल्या थेंबासोबत ती त्या बाटलीतलेही दोन थेंब सोडायची. दिपमाला डोळे मिटून पडलेली असायची. कोणती बाटली, तिला काय कळणार?

दहा दिवस असे गेले. धुळ्याचे डॉक्टर प्रत्येक खेपेला कपाळाला आठी घालून बघायचे. "औषध बरोबर आहे," ते म्हणाले, "मग डोळा ऐकत का नाही?" शेवटी त्यांनी जळगावच्या, फक्त बुबुळाचंच काम करणाऱ्या डॉक्टरबाईंना फोन लावला. तिकडून निरोप आला, उद्याच आणा, आणि घरात डोळ्याची असेल नसेल ती सगळी औषधं बरोबर आणा.

भूषण सुटी काढून आला. औषधं गोळा करायचं काम वनानं केलं. त्यानं गोखल्यात हात घातला आणि होतं नव्हतं ते पिशवीत ओतलं.

जळगावला डॉक्टरबाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. तीन बाटल्या धुळ्याच्या. चौथी उचलून त्यांनी वाचली.

"ही कोणाची?"

"हाई मनी शे," वना कौतुकानं म्हणाला. "मोतीबिंदूनी." मग बाटली हातात घेऊन त्यानं उजेडात धरली. "पन हाई ते आर्धी भरेल व्हती. कशी सरनी?"

भूषणनं आईकडं बघितलं.

"मी टाकं ते," झुंबरबाई म्हणाली. "त्यानाघाई लाली उतरनी व्हती."

डॉक्टरबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. स्टूल ओढून समोर बसल्या.

"आजी, औषध वाईट नाही. आजोबांना तेच बरोबर होतं. पण ते डोळ्याच्या राखणदाराला झोपवतं. राखणदार झोपला की लाली जाते, आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. कधीपासून घालताय?"

"दुसरा दिनपासून."

"काल?"

"काल बी."

डॉक्टरबाईंनी धुळ्याहून आलेल्या कागदावर खाडाखोड केली. पाणी खोडून औषधाचं नाव लिहिलं.

मग पुढचे आठ दिवस त्यांनी पुष्कळ खटपट केली. केसापेक्षा बारीक सुईनं बुबुळाच्या थरातच औषध सोडलं, एकदा नाही, तीनदा. दरवेळी यंत्रात फोटो काढून बुबुळाचा पडदा किती उरला ते भूषणला दाखवलं. पडदा विरलेल्या लुगड्यासारखा पातळ होत गेला. एका सकाळी त्या म्हणाल्या, आता थांबलो तर डोळा फुटेल. बुबुळ बदलायला लागेल. कोणाचं तरी मरणोत्तर दिलेलं मिळालं तर उद्याच.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भूषण आईच्या शेजारी बसला.

"एक फोन तरी करना व्हता, माय," तो म्हणाला. एवढंच.

झुंबरबाई उठली आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. दारावरच्या पोरीनं अडवलं तरी गेली.

"मना डोया लाया तिले," ती म्हणाली. "मना दोन्ही चांगला शेतस. मी सुईमा दोरा ओवस आजून."

"जिवंत माणसाचा डोळा काढत नाहीत, आजी. तसा कायदाच नाही. मेल्यावर सहा तासांच्या आत दिला तर घेता येतो."

"आनि तवलोक ती काय करी?"

डॉक्टरबाईंना याचं उत्तर द्यावं लागलं नाही. चाळीसगावकडचं कोणी गेलं होतं, घरच्यांनी डोळे दिले होते. नाव सांगत नाहीत. बर्फाच्या डब्यातून एक छोटी बाटली आली, तिच्यात तळाला काचेच्या चकतीसारखं काहीतरी होतं. कोणाच्या तरी घरात रडारड चालू असताना त्या माणसांना हे सुचलं कसं, याचा झुंबरबाईला विचार करूनही उलगडा होईना. तिच्या घरात साधा फोन सुचला नव्हता.

ऑपरेशन झालं. बुरशी गेली, डोळा जागेवर राहिला. काढलेलं जुनं बुबुळ तपासायला गेलं होतं, त्याचा कागद आठ दिवसांनी आला. डॉक्टरबाईंनी तो वाचून दाखवला.

"आत काडीचा बारीक तुकडा सापडला. रुतून बसला होता. पांढऱ्या डागाखाली झाकला गेला, म्हणून वरून दिसला नाही."

"पण ते तर आईनं काढलं होतं," भूषण म्हणाला.

"मी पाहिलं ना," दिपमाला म्हणाली. "हातावर होतं."

"मग दोन असतील," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"हां. दोन व्हतीन," वनानंही मान हलवली.

झुंबरबाई त्या चौघांच्या मधे बसली होती. बाटलीची चोरी सापडली होती, तिची लाज होऊन गेली होती. पण ही गोष्ट कोणी पकडलीच नाही. उलट सगळ्यांनी मिळून तिला खरं ठरवलं.

दिवाळी गेली. दिपमालाला त्या डोळ्यानं उजेड कळे, समोर हात हलला तर हलला एवढं कळे. नवं बुबुळ हळूहळू धुरकटलं होतं. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. हल्ली बुबुळाचा एकेक पापुद्रा वेगळा करून बसवता येतो, पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारणा झाली आहे. पण हिचा पडदा आरपार गेला होता. वर्षभरानं डोळा पूर्ण शांत झाला, बुबुळ मिळालं, तर पुन्हा अख्खं बदलून बघू. दिसेल का? थोडं दिसेल कदाचित. आधीसारखं म्हणत नाही.

दिपमाला परत मशीनवर बसली. दोन डोळ्यांनी मिळून जो अंदाज येतो तो एका डोळ्याला येत नाही. दोरा सुईच्या अलीकडून जाई, पलीकडून जाई. एका बाईच्या ब्लाउजाच्या दोन्ही बाह्या उलट्यासुलट्या लागल्या. ती बाई काही बोलली नाही, पण पुढचं कापड तिनं पारोळ्याला दिलं. दिपमालानं ते ऐकलं आणि कात्री नुसती हातात धरून बसली.

थेंब ती स्वतः घालायची. आरशासमोर उभी राहायची, मान मागं टाकायची, निम्मे थेंब गालावर जायचे. झुंबरबाई दोनदा उठून म्हणाली, "दे, मी टाकस." दोन्ही वेळा दिपमाला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्या," आणि आतल्या खोलीत गेली. शिवी नाही, टोमणा नाही. नुसतं दार लोटलं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी वना मळ्यात होता. झुंबरबाई मशीनसमोर जमिनीवर बसली.

"दिपमाला, तुना डोयामातून मी कुसळ काढंच नव्हतं."

मशीन थांबली.

"काही लागनं नही मना जिभले. तुले दखाडं ते मना पदरमानं व्हतं."

तिनं सगळं सांगितलं. सासूची शिकवण, गाठ, दाढ, दहा बाया बघत होत्या ते. दिपमाला ऐकत राहिली. एक डोळा तिच्याकडं, दुसरा नुसता तिच्या दिशेनं.

"मंग मनं कोठे व्हतं?" दिपमालानं विचारलं.

"डोयामाच."

"मी सांगं ना तुम्हले. दोन दाव सांगं. आजून टोचस करीसन."

"सांगं."

"तुम्ही म्हनात ते हातवर दखाडं. आनि मी मानं. धुळ्याले माय फोनवर इचारे, कसा शे डोया, ते मी सांगू, निंघी गयं, मी डोयाघाई देखं. ती येनार व्हती मले लेवाले. मीच सांगं येऊ नको."

झुंबरबाईला हे माहीत नव्हतं. माफी हा शब्द तिच्या घरात कोणी वापरत नसे.

"भूषणले सांगू का?" तिनं विचारलं.

"त्यासले सांगीसन काय व्हई? डोया येई का?" दिपमालानं कापड बाजूला केलं. "सांगनं व्हई ते ज्या तुमना ओटावर येतस त्यासले सांगा. त्यासना डोया आजून शेतस."

दुसऱ्या दिवशी आणखी शिवायला काही नव्हतं, म्हणून दिपमालाही कापूस वेचायला आली. शेवटची वेचणी. दुपारी बाया बांधावर भाकरी सोडून बसल्या. हिलाल विहिरीवरचं लोखंडी झाकण सांधायला आला होता, तोही ठेच्यासाठी येऊन टेकला. झुंबरबाई उभीच राहिली. बसून सांगितलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

सांगून झालं तेव्हा आधी एक बाई हसली. "काकू, सुनना दुखमा तुम्हनं डोकं फिरी गयं," ती म्हणाली. दुसरीनं आठवून सांगितलं, मागल्या साली माझ्या डोळ्यातनं केवढं मोठं निघालं होतं, ते काय खोटं होतं?

"ते खरं व्हतं," झुंबरबाई म्हणाली. "त्या दिन लागनं व्हतं जिभले."

"आनि मनं?" हिलाल भाकरी चावत म्हणाला. "मी ते तुनं बठ्ठासमा जुनं गिऱ्हाईक. कुसळ ते मी समजू. लोखंडनी कनी तू पदरमा कशी बांधशी?"

"लोखंडनी बी बांधी ठेवेल व्हती. तुनाच दुकानपुढली."

हिलालनं चावणं थांबवलं. "पोळाले उनतू मी. डावा डोया. ते खरं का खोटं?"

झुंबरबाईनं आठवायचा प्रयत्न केला. पोळा, डावा डोळा, ओट्यावर ऊन. चाळीस वर्षांत किती माणसं तिथं बसून गेली. प्रत्येकाला तिनं तळहात दाखवला होता, आणि प्रत्येक वेळी तळहातावर काहीतरी होतं.

"याद नही, रे," ती म्हणाली.

हिलालनं उजवा डोळा हातानं झाकला आणि डाव्यानं समोरच्या शेताकडं, शेतापलीकडच्या रस्त्याकडं, रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीकडं बघितलं. मग दुसरा झाकून बघितलं. परत पहिला झाकला.

"बारीकसं धुकं वाटस का काय," तो स्वतःशीच म्हणाला.

"उद्या जळगावले मनी तारीख शे," दिपमाला बांधाच्या कडेवरून म्हणाली. तिनं फडक्यात भाकरी बांधली होती. "सकायनी सातनी एसटी. हिलालभाऊ, चाला संगे. दखाडी लेवा."

झुंबरबाईनं विचारलं, "मी येऊ का?"

दिपमालानं ओटीतला कापूस झाडून घेतला. "येवानं व्हई ते या," ती म्हणाली, आणि उरलेल्या ओळीकडं चालू लागली, एक हात जरा पुढं धरून, कपाशीच्या पऱ्हाटीचं टोक चेहऱ्याला लागू नये म्हणून.